पडद्यावरचा कोपरा

१९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ सिद्ध केले. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढता येऊ लागली. आजचा यंत्रअभियांत्रिकीचा विद्यार्थी पोलादी ठोकळ्यात चौकोनी खाच काढतो, शॉपवर तिला पॉकेट म्हणतात, आणि पडदा तिचे चारही कोपरे काटकोनी दाखवतो. पण सी.एन.सी. आले तरी मिलिंगचे कटर गोलच. कोपऱ्यात ते आपल्या त्रिज्येइतकी गोलाई ठेवणारच! मग कामगाराने कानशीने घासत बसावे काय? मापांचीही तीच गत. २५ मिलिमीटरच्या भोकापुढे ‘एच ७’ लिहिले की सूट अवघी २१ मायक्रॉन. लिहिणाराची दोन अक्षरे, करणाराला रीमर, गेज, आणि नापास मालाची बोलणी. शिक्षकांनी पहिल्याच सत्रात मुलाला त्याचे स्वतःचे चित्र देऊन मशीनपाशी उभे करावे, आणि कटर कोणते लावू, हे त्यालाच विचारावे.