तर्जनीचे 14 टक्के

तर्जनी मुळापासून गेली तर 14 टक्के. मधलं बोट 12, करंगळी 7, अंगठा 30, आणि एका हाताची चारही बोटं गेली तर 50. कामगार नुकसानभरपाईच्या परिशिष्टातला हा तक्ता मला पाढ्यांसारखा पाठ आहे. साकीनाक्याला एका वकीलसाहेबांकडे मी दाव्यांचे कागद जुळवते. खैरानी रोडच्या गाळ्यांतून आमच्याकडे येतात ते बहुतेक पॉवर प्रेसवाले. डाय खाली यायच्या आत पत्रा सरकवायचा, हात काढायचा, पायाने पॅडल दाबायचं. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस पडणार नाही अशी सोय मिळते, पण त्याने नग कमी निघतात, म्हणून पॅडलच चालतं. तक्त्याला उजवं बोट आणि डावं बोट सारखंच. प्रेसवर बसणाऱ्याला विचारून बघा.

हिशेब असा: पगाराचे 60 टक्के, गुणिले वयाचा गुणक (तिसाव्या वर्षी 207.98), आणि त्याचे 14 टक्के. पण पगार किती धरायचा याला सरकारी मर्यादा आहे. 2010 मध्ये ती 8,000 रुपये झाली आणि थेट 2020 च्या जानेवारीत 15,000. म्हणजे तीस वर्षांच्या माणसाच्या तर्जनीचे आधी जास्तीत जास्त 1 लाख 40 हजारांच्या आसपास मिळायचे, नंतर सुमारे 2 लाख 62 हजार. महागाई दर महिन्याला वाढते, हा आकडा दहा वर्षं हलला नव्हता. शिवाय 22 हजार कमावणारा ऑपरेटरही या हिशेबात 15 हजारांचाच.

मूळ कायदा इंग्रजांच्या काळातला, 1923 चा. मालकाची चूक सिद्ध करत बसायचं नाही, काम करताना इजा झाली की भरपाई, हे त्याचं तत्त्व. बिस्मार्कच्या जर्मनीने 1884 मध्येच ते आणलं होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून आपला हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, संहितेने कामावरचाच मानला आहे. त्याआधी जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याचाही तोच अर्थ लावला. प्रकरण आपल्याच धाराशिव जिल्ह्यातलं. साखर कारखान्याचा एक रखवालदार 2003 मध्ये पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि वाटेत गेला. खाली भरपाई मिळाली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली, आणि घरच्यांना ती परत मिळेपर्यंत अपघाताला बावीस वर्षं झाली होती.

साहेबांना या निकालाचं फार कौतुक. मला कौतुक नेमणूकपत्राचं. नव्या संहितांनी प्रत्येक कामगाराला ते देणं बंधनकारक केलंय, आणि आमचे दावे अडतात ते तिथेच. बोट तुटल्यावर शेठचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ये अपना आदमी ही नहीं है." पगार रोख, हजेरी वहीत, वही शेठच्या ड्रॉवरमध्ये. दवाखान्यात सोबत गेलेला ठेकेदाराचा माणूस केसपेपरवर "घरी पडला" असं लिहवून येतो. ते एक वाक्य पुसायला आम्हाला वर्ष-दीड वर्ष साक्षी काढाव्या लागतात. हल्ली मोबाइलने थोडा हात दिला आहे. पगार यूपीआयवर आला असेल किंवा "कल जल्दी आना" असा शेठचा आवाज व्हॉट्सअ‍ॅपवर असेल, तर साहेब खुर्चीत सरसावून बसतात.

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एकरकमी पैसे नाहीत, अपंगत्वाच्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते, आणि मालकावर हा दावा लावता येत नाही. पण ईएसआय लागू होते दहा कामगारांपासून, आणि नवावरच थांबलेल्या हजेऱ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. डिलिव्हरीवाल्या पोरांसाठी संहितेने योजनांची तरतूद केली आहे, पण ती पोरं कायद्याने कुणाची नोकर नाहीत, त्यामुळे हा तक्ता त्यांच्या कामाचा नाही.

मृत्यूच्या प्रकरणात घरचे जास्त फसतात. 18 डिसेंबर 2017 च्या पहाटे याच खैरानी रोडवर फरसाणाच्या गाळ्याला आग लागून 12 कामगार गेले. कामाच्या जागीच झोपणाऱ्यांचं काम नेमकं संपतं कधी, हा प्रश्न आमच्या भागात पोटमाळ्यापोटमाळ्यावर आहे. अशा वेळी मंत्रालयातून मदत जाहीर होते आणि लोकांना तीच भरपाई वाटते. ती वेगळी, कायद्याची वेगळी. मृत्यूची भरपाई मालकाने अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. थोडी आगाऊ रक्कम सोडली, तर घरच्यांच्या हातात परस्पर ठेवलेले पैसे भरपाईत धरले जात नाहीत, मग कागदावर कितीही अंगठे असोत. पैसे महिन्यापेक्षा जास्त थकले की 12 टक्के व्याज लागतं.

मयत घेऊन गावी गेलेल्या घरच्यांचा फोन आला की मी आधी हेच सांगते: शेठ देईल ते पाकीट घ्या, सही करू नका, केसपेपर आणि मोबाइल जपून ठेवा. आणि मुंबईला परत यायची गरज नाही. घरचे राहतात तिथे, अगदी आझमगढलाही, दावा लावता येतो.