वरच्या वर्गातला सोबती

1988 साली कळमनुरीकडच्या खेड्यातून मी बी.ए.साठी शहरात गेलो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. शिष्यवृत्तीच्या अर्जाला 'बोनाफाईड जोडा' म्हणाले. बोनाफाईड म्हणजे काय, हे विचारायची लाज वाटली. 'परत येतो' असं अब्बांना पत्रही लिहून ठेवलं. होस्टेलवरच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने ते पाहिलं, अर्ज भरून दिला, मेस लावून दिली. पत्र पेटीतच राहिलं.

हेच आता रीतसर होऊ लागलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली नवागतांसाठी 'दीक्षारंभ' ही मार्गदर्शिका काढली. मुंबईच्या आयआयटीत वरच्या वर्गातली मुलं नव्यांची सोबत करतात. सरांपुढे जीभ रेटत नाही. पण वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या पोराला विचारता येतं, एटीकेटी म्हणजे काय, इंग्रजी कळत नाही तर काय करू?

सोबती मात्र पारखून निवडावा. रॅगिंग करणारेही वरच्याच वर्गातले. त्यासाठी महाराष्ट्राने 1999 साली कायदा केला. आमचा हिंगोली जिल्हा झाला तेच वर्ष. आणि नवा मुलगा जेवत नसेल, रात्ररात्र जागत असेल, तर सोबत्याने ते पोटात ठेवू नये, सरांना सांगावं. माझ्या सोबत्याने तेव्हाच रेक्टर सरांना गाठलं होतं. मला ते वर्षभराने कळलं.