अंगणातला तेलाचा डाग

आमची प्रीमियर पद्मिनी १९७८ सालची. कुर्ल्यात तिचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं; कडेगावात आमच्या घरी तिला अजून फियाटच म्हणतात. वर्षभर ती अंगणात रोज तेलाचा डाग पाडत होती. चेंबरचं पॅकिंग दोनदा बदललं, डाग तसाच. मी मिस्त्रींना नको ते बोललो. मुलगा म्हणाला, "बाबा, विका आता."

मिस्त्री शांतच. "साहेब, तेल जिथं दिसतंय तिथनंच गळतंय असं नसतंय."

रॉकेलनं इंजिन धुऊन, वाळवून त्यांनी त्यावर चक्क टाल्कम पावडर उडवली आणि मला विट्यापर्यंत पिटाळलं. परतलो तर पांढऱ्यावर एक काळी रेघ: वरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून सरळ खाली चेंबरपर्यंत. पण तिथलं कॉर्कचं पॅकिंग तर नवं! मग त्यांनी ब्रीदरची नळी काढून फुंकली. काजळीनं गच्च. पिस्टनच्या कडेनं निसटणारा वायू आत कोंडून तेलाला बाहेर ढकलत होता.

बँकेत उभा जन्म मी खात्यांतले फरक शोधले. बेरीज चुकते शेवटच्या पानावर, चूक असते कुठंतरी मागं. हे मला अंगणात आठवलं नाही.

मिस्त्रींनी पन्नास रुपये घेतले. माफी मागायची होती. ती मी चहावर भागवली.