मतपत्रिकेवरचा दुसरा आकडा

भारताच्या राष्ट्रपतिपदासाठी मत द्यायला गेलेल्या आमदाराच्या हातात जी मतपत्रिका पडते, तिच्यावर आपल्या ओळखीचं काहीच नसतं. कमळ नाही, हात नाही, घड्याळ नाही, मशाल नाही. नुसती उमेदवारांची नावं आणि नावांसमोर मोकळी जागा. त्या जागेत शिक्का मारायचा नसतो, आकडा लिहायचा असतो. आमदाराची पत्रिका गुलाबी, खासदाराची हिरवी. पेन आयोगानं दिलेलं, जांभळ्या शाईचं. खिशातलं स्वतःचं पेन वापरलं तर मत बाद. आकडा १ असा देवनागरीत लिहिला तरी चालतो, रोमन पद्धतीनं उभी रेघ ओढली तरी चालतं, पण एखाद्यानं हौसेनं ‘एक’ असं अक्षरी लिहिलं की तेही मत बाद. २०२२ साली तर या निवडणुकीच्या रिकाम्या पेट्या राज्यांच्या राजधान्यांकडे विमानातल्या आसनावर बसून गेल्या, ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ या नावानं काढलेल्या तिकिटावर.

एवढा थाट कशासाठी, असं वाटेल. पण या निवडणुकीत खरी नवलाची गोष्ट वेगळीच आहे. एरवी ज्यांच्या मताचा मालक पक्ष असतो, अशी माणसं इथे काही मिनिटांपुरती मोकळी होतात.

हेच आमदार राज्यसभेसाठी मत देतात तेव्हा २००३ पासूनच्या नियमाप्रमाणे मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मात्र ती कुणालाही दाखवायला सक्त मनाई आहे. पक्षादेश काढता येत नाही. पक्षांतरबंदी कायद्याचा बडगा इथे चालत नाही. राज्यघटनेच्या ५५व्या अनुच्छेदानं ‘गुप्त मतदान’ असं स्पष्टच म्हटलं आहे. म्हणजे जन्मभर हात वर करा म्हटलं की हात वर करणाऱ्या माणसाला मतदानाच्या आडोशामागे कुणी विचारणारं नसतं. त्यानं विचारायचं ते स्वतःलाच.

आता त्या आकड्यांकडे या. आमदारानं किंवा खासदारानं निदान १ हा आकडा एका नावापुढे लिहिलाच पाहिजे. पुढचे आकडे ऐच्छिक. पण लिहिले तर त्याचा अर्थ असा : मला हा माणूस हवा, तो शर्यतीतून गळालाच, तर माझं मत वाया घालवू नका, दुसऱ्या नावाकडे न्या. बाजारात पिशवी देऊन पाठवताना आपण सांगतो ना, हापूस नसेल तर पायरी आण, तसं. एरवीच्या मतदानात ही सोय नसते. आपल्याला मनापासून आवडलेला उमेदवार निवडून येण्यासारखा नसला, की ‘मत फुकट जाईल’ या धाकानं आपण दुसऱ्याच कुणाचं बटण दाबतो. इथे पहिला आकडा श्रद्धेला देता येतो आणि दुसरा व्यवहाराला. इतकी समजूतदार मतपत्रिका आपल्या लोकशाहीत फार थोड्या ठिकाणी आढळते. तरी दरवेळी गंमत अशी होते, की पहिल्या आकड्यांतच निकाल लागतो आणि दुसरे आकडे निकालाच्या कामी येतच नाहीत. ते आजवर एकदाच कामी आले, १९६९ साली.

त्या वर्षी ३ मे रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं पदावर असतानाच निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैत बंगळुरूला लालबागेच्या काचघरात काँग्रेस महासमितीचं अधिवेशन भरलं आणि त्याच मुक्कामात पक्षाच्या संसदीय मंडळानं लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांचं नाव ठरवलं. पंतप्रधान इंदिरा गांधींना जगजीवन राम हवे होते. मंडळात मोरारजी देसाई आणि कामराज यांच्याबरोबर मुंबईचे स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण यांनीही रेड्डींच्या बाजूनं मत दिलं आणि पंतप्रधान अल्पमतात गेल्या. पुढच्या दहा दिवसांत जे घडलं ते कादंबरीकारालाही जरा अतीच वाटावं. १६ जुलैला मोरारजींचं अर्थखातं गेलं. १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही हंगामी राष्ट्रपती गिरींची. दुसऱ्या दिवशी गिरींनी राजीनामा दिला आणि अपक्ष म्हणून राष्ट्रपतिपदाच्या रिंगणात उतरले. (त्याच रात्री माणूस चंद्रावर उतरत होता, दिल्लीत तिकडे लक्ष द्यायला किती जणांना सवड होती कोण जाणे.) सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी राष्ट्रपतिपदाचा कारभार हाती घेतला.

रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही होती खुद्द इंदिरा गांधींची. म्हणजे कागदावर त्या रेड्डींच्या आणि मनातून गिरींच्या. मग बातमी आली की काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटून त्यांच्या दुसऱ्या पसंतीची मतं रेड्डींसाठी मागत आहेत. पाहा, तो दुसरा आकडा इथे प्रथम राजकारणात आला! इंदिराजींच्या गटानं ते निमित्त केलं. पक्षाचे अध्यक्षच विरोधकांशी बोलत असतील, तर आम्हाला पक्षाची शिस्त कसली सांगता? काँग्रेसजनांनी आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावं, असं आवाहन झालं, आणि ‘अंतरात्म्याचा आवाज’ हे शब्द भारतीय राजकारणात कायमचे रुजले. त्यांची नंतर इतकी थट्टा झाली, की आज कुणी नेता ते उच्चारू लागला की ऐकणारा आधी हसतो.

या गदारोळात तिसरा एक उमेदवार होता, आणि मराठी वाचकानं त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं. स्वतंत्र आणि जनसंघ या पक्षांनी पुढे केलेले चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावात १८९६ साली जन्म, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिज, आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग नेहरूंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवायचा घाट घातला गेला, तिथे गोळीबार झाले, तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडलं. आतला आवाज ऐकायचा म्हणजे काय करायचं, हे त्यांनी दाखवून तेरा वर्षं झाली होती, आणि त्यासाठी गुप्त मतपेटीचा आडोसाही घेतला नव्हता.

आणखी एक गोष्ट आहे. ती प्रथम लक्षात येते तेव्हा थक्क व्हायला होतं. १९६९ची सगळी लढाई बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या बाजूनं की विरोधात, अशी रंगवली गेली. देशमुख हे राष्ट्रीयीकरणाला विरोध करणाऱ्या पक्षांचे उमेदवार. पण १९४९ साली रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली तेव्हा गव्हर्नर कोण? देशमुख. १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली तेव्हा अर्थमंत्री कोण? देशमुख. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारनं ताब्यात घेतल्याचं आकाशवाणीवरून देशाला कुणी सांगितलं? देशमुखांनीच. तेव्हा एखादा खासदार खरोखर तत्त्वाला धरून मत द्यायला बसला असता, तर त्याची पंचाईत झाली असती. पक्षाकडे पाहून मत द्यावं, की माणसाच्या कामाकडे पाहून, की देशात उठलेल्या लाटेकडे पाहून? तिन्हींची उत्तरं वेगळी होती. अशा वेळी दोन आकडे लिहायची मुभा ही नुसती सोय राहत नाही. आत दोन आवाज असतील तर दोन्ही कागदावर उतरवता येतात.

१६ ऑगस्टला मतदान झालं, २० ऑगस्टला मोजणी. इथे प्रत्येक मताचं वजन वेगळं. राज्याची लोकसंख्या भागिले निवडून आलेले आमदार, भागिले हजार, असं आमदाराच्या मताचं मूल्य निघतं. आज १९७१च्या जनगणनेवरून महाराष्ट्राच्या आमदाराचं मूल्य १७५ आहे, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८, गोव्याच्या आमदाराचं २० आणि सिक्कीमच्या आमदाराचं अवघं ७. सगळ्या आमदारांची बेरीज खासदारांत वाटली की खासदाराचं मूल्य मिळतं. १९६९ साली ते ५७६ होतं.

वैध मतांचं एकूण मूल्य भरलं ८,३६,३३७. जिंकायला निम्म्याहून अधिक, म्हणजे ४,१८,१६९ हवीत. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. गिरी पुढे, पण १६,६५४ कमी. मग मोजणाऱ्यांनी ते केलं जे आधी कधी करावं लागलं नव्हतं आणि नंतरही नाही. सर्वांत कमी मतं असलेल्याला बाद करून त्याच्या पत्रिकांवरचा दुसरा आकडा पाहायचा, मग त्याच्या वरच्याच्या पत्रिका, असं करत शेवटी देशमुखांच्या. एकेका गठ्ठ्यातून रेड्डींच्या खात्यात मतं पडत गेली. त्यांना अशी ९१,८७९ मतं मिळाली, गिरींना फक्त १८,५६२. पण गिरींना तेवढीच पुरली. अखेरचे आकडे : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५०. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर दिसेल, की तेरा खासदार गिरींकडून रेड्डींकडे वळले असते तर देशाचा इतिहास दुसऱ्या रस्त्यानं गेला असता. कोण कुठे वळलं हे आजही कुणाला ठाऊक नाही.

अगदीच ठाऊक नाही असंही नाही म्हणा. त्या निवडणुकीत एकूण पंधरा उमेदवार होते, आणि तळाच्या उमेदवारांची मतं पाहताना अंगावर काटा येतो. एकाला मिळाली बरोबर ५७६. एका खासदाराचं मत! दोघांना प्रत्येकी १२५. त्या वेळी आंध्र प्रदेशातल्या आमदाराच्या मताचं मूल्य १२५ होतं, पश्चिम बंगालमध्येही तेवढंच. एवढ्या घनघोर लढाईत, दोन बाजूंनी ओढाताण चाललेली असताना, कुणा एकानं आडोशामागे जाऊन अशा माणसापुढे १ लिहिला ज्याला दुसरं कुणीही मत देणार नव्हतं. अवलियापणा, मैत्री की निखळ श्रद्धा? गुप्ततेनं त्याचं नाव झाकलं, पण मताच्या वजनानं त्याची सावली पकडून ठेवली. उलट पाच उमेदवारांना शून्य मतं मिळाली. अर्ज भरताना प्रत्येकाला मतदारांपैकीच एक सूचक आणि एक अनुमोदक लागत असे. म्हणजे ज्यांनी सही करून यांचं नाव सुचवलं, त्यांनीसुद्धा आत गेल्यावर पहिला आकडा दुसऱ्याच कुणाला दिला. अशी हौशी उमेदवारी नंतर कायद्यानं आवरली. आता पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक आणि पंधरा हजारांची अनामत लागते.

मग काँग्रेसजनांनी १९६९ साली खरोखर आतला आवाज ऐकला का? माझं मत विचाराल तर, पंतप्रधानांनी ‘आतला आवाज ऐका’ असं सांगितल्यावर जो आवाज ऐकू येतो, तो बराचसा पंतप्रधानांचाच असतो. पण तेवढ्यानं सगळं झटकून टाकता येत नाही. स्वतःचा आतला आवाज ऐकून कित्येकांनी रेड्डींना मत दिलं, पंतप्रधानांचा राग ओढवून घेऊन. आडोसा दोघांना सारखाच उपयोगी पडतो : ज्याला धाकाला न जुमानता मत द्यायचं आहे त्याला, आणि ज्याला आपला सौदा झाकायचा आहे त्यालाही. निवडणुकीनंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. संसदेत रेड्डींच्या चारित्र्यावर चिखल उडवणारं निनावी पत्रक वाटलं गेलं होतं. पदावरचे राष्ट्रपती गिरी स्वतः साक्षीला उभे राहिले, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. १९७० साली याचिका फेटाळली गेली. त्याआधीच, नोव्हेंबर १९६९ मध्ये, काँग्रेसची दोन शकलं झाली होती.

पुढे महाराष्ट्रानं वेगळाच आवाज ऐकला. २००७ साली शिवसेनेनं भाजपची सोबत असतानाही भैरोसिंह शेखावतांना सोडून प्रतिभाताई पाटलांना पाठिंबा दिला, कारण एकच : मराठी माणूस राष्ट्रपती होतोय. २०१२ साली पुन्हा आघाडीचा उमेदवार सोडून प्रणव मुखर्जींना. कुणी याला भावनेचं राजकारण म्हणेल. पण पक्षांच्या गणिताबाहेरचं एखादं कारण मोठं मानायची मुभा ही निवडणूक देते, आणि ती उघडपणे वापरली गेली, हे मला तरी निकोप वाटतं.

आणि नीलम संजीव रेड्डी? ते १९७७ साली राष्ट्रपती झालेच. त्या वेळी सदतीस जणांनी अर्ज भरले होते. छाननीत छत्तीस बाद झाले, एक उरला. रेड्डी बिनविरोध निवडून आले, आणि त्या खेपेला देशातल्या एकाही आमदाराला किंवा खासदाराला कुठलाच आकडा लिहावा लागला नाही.