शड्डू ठोकणारी रागिणी

हरणांना वीणा ऐकवणारी तोडी, साप खेळवणारी आसावरी, झोपाळ्यावर बसलेला हिंदोल. रागमालेच्या, म्हणजे रागांना माणसांचे रूप देणाऱ्या चित्रमालिकेच्या, कोणत्याही दालनात ही मंडळी हमखास भेटतात. पण त्यांच्या गर्दीतले एक चित्र वर्षानुवर्षे माझी पाठ सोडत नाही. ते देशाख रागिणीचे. रागिणी म्हणायची, आणि बहुतेक चित्रांत बाईचा मागमूस नाही. लंगोट कसलेले तीन-चार पहिलवान, त्यातला एक उभ्या खांबावर चढलेला, बाकीचे जोर-कसरतीत गुंतलेले. प्रेमिक, विरहिणी आणि अभिसारिका यांच्या पंगतीत आखाडा कसा येऊन बसला, या एका प्रश्नापायी मी रागमालांच्या मागे लागलो.

सहा राग, प्रत्येकाच्या पाच रागिण्या, मिळून ३६ चित्रे, हा हिशेब वाचकांना ठाऊक आहेच. ही चित्रे घडली कशी, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. बुंदी शैलीचा उगम ज्या संचाशी जोडतात, तो बुंदीत नव्हे, काशीजवळच्या चुनारला १५९१ साली तयार झाला. त्याच्या शेवटी फारसीत पुष्पिका आहे. शेख हसन, शेख अली आणि शेख हातिम या तीन चित्रकारांची नावे तीत आहेत, आणि मीर सय्यद अली व अब्दुस्समद हे आपले गुरू, असेही त्यांनी नोंदवले आहे. म्हणजे हुमायूनने इराणहून आणलेल्या उस्तादांच्या चेल्यांनी हिंदू राजघराण्यासाठी राग रंगवले. पुढे बुंदी-कोट्याच्या कारखान्यांत याच मांडण्या जवळजवळ दोन शतके गिरवल्या गेल्या. गवयासमोर बसून, कान देऊन कुणी चित्र काढले, असे इथे दिसत नाही. चित्रकाराच्या हाताशी दोनच गोष्टी होत्या: जुना खाका आणि रागाचे रूप शब्दांत सांगणारा ध्यानश्लोक.

सुरांशी नाते नसणे, नेमक्या याच जागी संगीताच्या पंडितांनी रागमालेमागच्या राग-रागिण्यांच्या कुटुंबाला धारेवर धरले. १८१३ साली पाटण्याच्या मुहम्मद रझाने ‘नगमात-ए-आसफी’त विचारले, की रागात आणि त्याच्या म्हणवल्या जाणाऱ्या रागिण्यांत सुरांचे साम्यच नसेल, तर हे नाते कसले? त्याने स्वतः मात्र सहा रागांचा संसार मोडला नाही, साम्य पाहून नव्याने लावला. तो मोडला आपल्या वाळकेश्वरच्या पंडित भातखंड्यांनी. पेशाने वकील असलेल्या या माणसाने ‘हिंदुस्तानी संगीतपद्धती’ मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादातून लिहिली आणि राग दहा थाटांत बसवले. राग-रागिण्या-पुत्रांच्या कुळकथांना तिथे थारा उरला नाही. गायनाच्या दृष्टीने त्यांचे बरोबरच होते. नवरा-बायको म्हणून सांगितलेले राग स्वरांनी एकमेकांचे कुणीच लागत नसतील, तर विद्यार्थ्याने ती वंशावळ पाठ कशासाठी करायची?

तरीही आज रागमालेचे प्रदर्शन लागले, की चित्राखाली त्याच नावाचा राग वाजवायचा मोह आवरत नाही. तोडीच्या हरणांखाली मियाँ की तोडी सोडायची आणि रसिकांनी माना डोलवायच्या. मला हे खटकते. कर्नाटक संगीतात तोडी म्हणून जो मेळ आजही गायला जातो, त्याचे स्वर आपल्या भैरवी थाटाचे आहेत. एका नावाखाली दोन प्रांतांत दोन वेगळे स्वरसमूह नांदत असताना, चारशे वर्षांपूर्वीच्या चित्रातली बाई आपलीच तोडी छेडते आहे, हे कशाच्या जोरावर म्हणायचे? नाव तेवढे टिकले, सूर सरकत गेले.

मग रागमालेत आवाज नाहीच का? आहे, आणि तो देशाखाने मला ऐकवला. त्याच्या ध्यानश्लोकात मल्लाची मूर्ती आहे: उंच, चंद्रासारखी गोरी, प्रचंड बाहूंची, आणि दंडांवर थाप मारल्याने अंगावर रोमांच उभे राहिलेली. कोल्हापूरच्या तालमीत ज्याने पाय ठेवला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. हा शड्डू आहे. श्लोकाने रागाचे रूप सांगताना शड्डूचा आवाज नेमका पकडला, आणि चित्रकाराने त्या एका आवाजाभोवती अख्खा आखाडा उभा केला.

रीवा दरबारच्या क्षेमकर्णाने १५७० च्या सुमारास रचलेल्या रागमालेतही हीच रीत दिसते. रागांना त्याने रागिण्यांखेरीज आठ-आठ पुत्र दिले, कुटुंब ८४ वर नेले, आणि पशुपक्ष्यांचे, घरातल्या कामांचे आवाज रागांना जोडले. पहाडी चित्रकारांनी त्याचाच क्रम आणि हे आवाज घेतले. म्हणून त्यांच्याकडे कुंभ या रागपुत्राच्या चित्रात विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका येतात.

देशाखातला तो खांब तर मराठी माणसाने जरा थांबून पाहावा असा आहे. मल्लखांब म्हटला की आपण दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांचे नाव घेतो. त्यांनी या विद्येला नवे वळण दिले, हा मान त्यांचाच. पण खांबावरची कसरत त्याहून कितीतरी जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या व्यायामांमध्ये स्तंभश्रम सांगितलेला आहे, आणि सतराव्या शतकातल्या देशाख चित्रांत खांबाला पायांचा विळखा घालून चढलेला गडी डोळ्यांसमोर दिसतो. व्यायामाच्या इतिहासाचा असा पुरावा रागांच्या चित्रांत पडून आहे, आणि आपण त्याच्याकडे ‘संगीतविषयक चित्र’ एवढ्याच नजरेने पाहत आलो.

भातखंडे गवयाच्या बाजूने बोलत होते, आणि त्यांनी रागिण्यांना वर्गीकरणातून काढले ते योग्यच केले. चूक आपली, की त्याबरोबर ध्यानश्लोकही अडगळीत टाकले. दालनातल्या प्रत्येक रागमालाचित्राशेजारी त्याचा श्लोक स्वच्छ मराठी अर्थासह लावा. तोडीखाली तोडी वाजवू नका. आणि आवाज हवाच असेल, तर देशाखासमोर एखाद्या पहिलवानाला बोलवा आणि त्याला शड्डू ठोकू द्या. श्लोकात लिहिलेला आवाज तोच आहे.