घरच्या आठवणींसाठी छोटा सर्व्हर : काय साधते आणि कुठे फसते

जयपूर : १४ ऑगस्ट २०२० रोजी झालेल्या मुसळधार पावसाचे पाणी जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात शिरले. तेथील इजिप्तची ममी कर्मचाऱ्यांनी काचेची पेटी फोडून वेळीच बाहेर काढली. कार्यालयातील फायली आणि कागदपत्रे मात्र भिजली व नंतर वाळत घालावी लागली. ज्या नोंदीची दुसरी प्रत नसते, ती एका पावसात जाऊ शकते. संग्रहालयाचे कागद निदान वाळवता तरी आले. घरातील लग्नाचे चित्रीकरण, मुलांची छायाचित्रे, आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज हे सारे आता एखाद्या फोनमध्ये किंवा कपाटातल्या एका हार्ड डिस्कवर असते आणि बंद पडलेली डिस्क उन्हात ठेवून सुरू होत नाही.

गुगल फोटोजवरील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, तेव्हा अनेक कुटुंबांना या प्रश्नाची प्रथमच जाणीव झाली. दरमहा शुल्क भरून जागा विकत घेणे हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे लहान कार्यालयांसाठी बनवलेला छोटा सर्व्हर घरी आणून त्याच्याकडे दोन कामे सोपवणे : घरातील सर्व उपकरणांच्या सुरक्षित प्रती ठेवणे आणि साठवलेले चित्रपट व गाणी दूरचित्रवाणी संचापर्यंत पोहोचवणे.

ही कल्पना नवी नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये ‘विंडोज होम सर्व्हर’ याच हेतूने बाजारात आणले. २०१२ मध्ये ते गुंडाळून कंपनीने ग्राहकांना ‘विंडोज सर्व्हर २०१२ इसेन्शिअल्स’कडे वळवले. हे उत्पादन मुळात २५ वापरकर्त्यांपर्यंतच्या लहान व्यवसायांसाठी होते. म्हणजे घर आणि पेढी यांच्यातील भिंत खुद्द निर्मात्यानेच पाडली. जौहरी बाजारासारख्या भागात, जिथे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही जुनी रीत आहे, तिथे ही सोय अधिकच स्वाभाविक वाटते : दिवसा हिशेब, रात्री चित्रपट.

एचपीचा ‘प्रोलायंट मायक्रोसर्व्हर’ हे या वर्गातील परिचित यंत्र. आकाराने लहानशा पेटीएवढे, आत चार डिस्कचे खण आणि स्मृतीतील चूक ओळखून दुरुस्त करणारी ‘ईसीसी’ मेमरी. साध्या संगणकात सहसा न आढळणारे हे वैशिष्ट्य वर्षानुवर्षे अखंड चालणाऱ्या यंत्रासाठी मोलाचे असते. कार्यालयांनी बदलून टाकलेली जुनी यंत्रे बरीच स्वस्त मिळतात. मात्र त्यावरील प्रणालीचे वय पाहिलेच पाहिजे. सर्व्हर २०१२ साठीचे नियमित सुरक्षा साहाय्य १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपले. अशा यंत्रावर ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस यांसारखी मोफत प्रणाली बसवणे शहाणपणाचे.

चित्रपट दाखवण्याचे काम प्लेक्स किंवा जेलीफिन हे सॉफ्टवेअर करते. येथेच खरेदीदार सर्वाधिक फसतो. फाइल ज्या स्वरूपात आहे ते दूरचित्रवाणी संचाला समजत असेल, तर सर्व्हरला ती केवळ पुढे पाठवायची असते आणि जुना प्रोसेसरही ते काम सहज करतो. स्वरूप समजत नसेल, तर चित्रपट चालू असतानाच सर्व्हरला त्याचे रूपांतर करावे लागते. अनेक सर्व्हरमधील चित्रचिप केवळ पडद्यावर अक्षरे उमटवण्यापुरती असते, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि चित्र अडखळू लागते. महाग यंत्र घेण्यापेक्षा फाइली आधीच संचाला चालणाऱ्या स्वरूपात करून ठेवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय. परकोट्यातील जुन्या घरांच्या जाड भिंती वाय-फायला दाद देत नाहीत. तिथे सर्व्हर ते संच अशी केबल टाकलेली बरी.

घरातल्या घरात चालणाऱ्या या व्यवस्थेला इंटरनेट लागत नाही, ही राजस्थानात लहान बाब नव्हे. शिक्षक पात्रता परीक्षेसाठी २६ सप्टेंबर २०२१ रोजी जयपूरसह अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवण्यात आले होते. जून २०२२ मध्ये उदयपूरमधील हत्येनंतर ते राज्यभर बंद झाले. मोबाइल डेटावर अवलंबून असलेल्या घरांत अशा वेळी दूरवरच्या सेवा थांबतात, घरातला सर्व्हर मात्र चालू राहतो.

आता मुख्य गैरसमजाकडे. दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो, त्या ‘रेड’ पद्धतीला अनेकजण सुरक्षित प्रत समजतात. ती तशी नाही. एक डिस्क बिघडली तर काम थांबत नाही, एवढेच तिचे प्रयोजन. चुकून पुसलेले छायाचित्र दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते, आणि चोरी, आग किंवा पाणी दोन्हींना एकत्रच गाठते. खंडणीखोर विषाणूही तसाच. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर अशा हल्ल्याने ठप्प झाले आणि रुग्णनोंदणी हाताने करावी लागली. त्याच वर्षी ‘डेडबोल्ट’ने इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या साठवण यंत्रांना लक्ष्य केले, त्यांत घरगुती यंत्रेही होती. बाहेरगावाहून घरचे चित्रपट पाहण्यासाठी राउटरची दारे उघडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. त्यापेक्षा व्हीपीएनचा मार्ग सुरक्षित.

जाणकार यासाठी ‘तीन-दोन-एक’ हा नियम सांगतात : मजकुराच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत इंटरनेटवरून पाठवायची तर संयम हवा. सेकंदाला ५० मेगाबिट अपलोड वेगाने एक टेराबाइट पाठवण्यास न थांबता सुमारे ४५ तास लागतात. म्हणून पहिली प्रत डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या गावच्या नातलगांकडे ठेवणे आणि नंतरची भर तेवढी इंटरनेटवरून पाठवणे अधिक व्यवहार्य.

जयपूरची हवा हाही एक पक्ष आहे. अशा सर्व्हरसाठी भोवतालचे तापमान साधारणतः ३५ अंशांपर्यंत असावे, असे निर्माते सांगतात. मे-जूनमध्ये शहराचा पारा चाळिशी ओलांडतो. माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवलेला सर्व्हर त्या दोन महिन्यांत आयुष्य गमावतो. धुळीमुळे पंखे व जाळ्या वारंवार साफ कराव्या लागतात. वीज अचानक गेली तर लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते, त्यामुळे छोटा यूपीएस हा खर्चाचाच भाग मानावा. विजेचा वापर मात्र घाबरवणारा नाही. सरासरी ४० वॅट खाणारे यंत्र वर्षभरात सुमारे ३५० युनिट घेते.

बहुतेक घरांत एक काम हमखास राहून जाते : प्रत परत मिळते का, हे तपासणे. दर दोन-तीन महिन्यांनी एखादी फाइल सुरक्षित प्रतीतून काढून ती उघडून पाहावी. प्रत कूटबद्ध केलेली असेल, तर तिचा परवलीचा शब्द कागदावर लिहून महत्त्वाच्या दस्तऐवजांसोबत ठेवावा आणि तो कुठे आहे, हे घरातील आणखी एका व्यक्तीला सांगून ठेवावे.