परसातील कुक्कुटसंस्थान: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुडाळ तालुक्यातील आमच्या आतेच्या वाडीत माडांच्या आळ्यांपासून उकिरड्यापर्यंत दिवसभर मोकळा संचार करणाऱ्या वीस-बावीस कोंबड्या आहेत. त्यांत गावठी तलंगा आहेत, मानेवर पीस नसलेली एक वयोवृद्ध कोंबडी आहे, दोन काळ्याभोर कडकनाथ, अंगाने थोराड चार गिरिराज आणि शेजाऱ्यांनी दिलेली एक पांढरी लेगहॉर्नही आहे. ओटीवर बसून हा मिश्र समुदाय सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत न्याहाळण्याची सवड ज्याला लाभेल, त्याच्या ध्यानात येईल की, ज्या पक्ष्याला आपण पिढ्यानपिढ्या पाळत आलो, त्याच्याविषयी आपल्या मनाच्या दप्तरात कितीतरी नोंदी तपासणीवाचूनच दाखल झालेल्या आहेत.

गैरसमज: कोंबड्या अकारण भांडतात आणि सर्वांत थोराड ती इतरांवर अंमल गाजवते.

वस्तुस्थिती: आतेने मूठभर कणी फेकली की बोडक्या मानेची ती म्हातारी पुढे होते आणि तिच्याहून कितीतरी वजनदार गिरिराज निमूटपणे बाजूला सरतात, कारण त्या या वाडीत मागाहून आलेल्या आहेत, आणि कळपात नवागताला खालच्या पायरीपासूनच उमेदवारी करावी लागते. वय, प्रकृती, तुऱ्याचा आकार आणि पूर्वीच्या झुंजींचा निकाल या सर्वांवरून प्रत्येकीचा दर्जा ठरतो. नॉर्वेचे थोर्लेफ शेल्डेरुप-एब्बे यांनी बालपणापासून कोंबड्यांची टिपणे ठेवली आणि कोणी कोणाला टोचावे याचा हा जाबता 1922 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडला. पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला आणि तिसरी मात्र पहिलीलाच दबवते, असे चमत्कारिक त्रिकोणही त्यांनी नोंदवले. नर आणि माद्या यांची उतरंड बहुधा वेगवेगळी असते. एकदा ती ठरली की चोच क्वचितच चालवावी लागते, नुसती मान उंचावणे पुरते. म्हणूनच कळपात नवे पक्षी सोडले, की काही दिवस सारा बंदोबस्त ढासळून रक्त निघेपर्यंत टोचाटोची होते.

गैरसमज: कोंबडा उजेड पाहून आरवतो.

वस्तुस्थिती: जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी कोंबड्यांना सतत मंद प्रकाशात ठेवून दिवसरात्रीचा भेद नाहीसा केला, तरीही ते सुमारे चोवीस तासांच्या अंतराने ठरल्या वेळी आरवत राहिले, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांच्या देहातच घड्याळ आहे, आणि उजेड वा दुसऱ्याची बांग त्याला फक्त चालना देते. याच संशोधनाच्या पुढील टप्प्यात असे दिसले की, पहाटे पहिली बांग देण्याचा मान सर्वांत वरच्या दर्जाच्या नराचा असतो आणि इतर जण दर्जाच्या क्रमाने मागून आरवतात. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण आपण उजाडण्याच्या बाजूने वापरतो. पण डालग्याखाली झाकलेला कोंबडाही आपल्या वेळी आरवायचा राहत नाही, हेही तितकेच खरे.

गैरसमज: कोंबड्यावाचून अंडे नाही.

वस्तुस्थिती: कोंबडी नराच्या सहवासाशिवायही अंडी घालते, त्यांतून पिल्लू मात्र निघत नाही. एक अंडे तयार होण्यास साधारण 24 ते 26 तास लागतात, त्यांतील बहुतेक वेळ कवच घडण्यात जातो. त्यामुळे अंडे दररोज थोडे उशिरा येते आणि मध्येच एक दिवस खाडा पडतो. त्या खाड्याबद्दल कोंबडीला आळशी ठरवणे हा शुद्ध अन्याय होय.

गैरसमज: कडकनाथचे अंडे काळे असते, आणि कवच जितके गडद तितके अंडे सकस.

वस्तुस्थिती: मूळच्या झाबुआ भागातील या जातीची त्वचा, मांस आणि हाडेदेखील काळसर असतात, अंडे मात्र फिकट तपकिरी असते. कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो, म्हणून लेगहॉर्नचे अंडे पांढरे. बलकाचा पिवळेपणा हिरवा पाला आणि मका यांच्यासारख्या खाद्यातून येतो. कवचावरून पोषणाची परीक्षा करणे व्यर्थ आहे.

गैरसमज: धुळीत लोळणारी कोंबडी घाणेरडी वा आजारी असते.

वस्तुस्थिती: भर दुपारी फणसाखाली खळगा उकरून, पंख पसरून निश्चेष्ट पडलेली तलंग पाहून पाहुणे घाबरतात, वास्तविक ते तिचे स्नान असते. पिसांवरील जादा तेल शोषून घेणारी आणि उवांना आवर घालणारी कोरडी माती तिच्या आरोग्यास आवश्यक आहे.

गैरसमज: मोकळी फिरणारी गावठी कोंबडी काटक असते, तिला लस कशाला?

वस्तुस्थिती: मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा विषाणुजन्य रोग काटकपणाची भीड बाळगत नाही, आणि चार घरांच्या परसांत हिंडणाऱ्या कोंबडीला संसर्गाची वाट अधिकच मोकळी असते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात लासोटा लशीचा थेंब द्यावा लागतो. पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्याव्यात. आते लस देण्याचे काम काळोख पडल्यावर काढते, कारण अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही आणि ती मुकाट्याने हाती येते.

तिन्हीसांजेला खुराड्याचे दार लावण्यापूर्वी आते बॅटरी धरून शिरगणती करते. वरच्या दांडीवर मधोमध म्हातारी, तिच्या दोहों अंगांना तलंगा, खालच्या दांडीवर गिरिराज, आणि अगदी कडेला पंखात मान घातलेली पांढरी लेगहॉर्न: दिवसभर परसात विखुरलेला तो जाबता तेथे ओळीने मांडलेला दिसतो.